रखवालदार ठेवावा की नाही

पुणे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

सरकार मुळीच नको, असं सांगणारं तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा चिडून आणि एकदा चहा घेऊन. ‘कर ही लूट असेल तर ती एक रुपयाची काय नि तीस रुपयांची काय, तुम्ही किमान सरकारवाले म्हणजे अर्ध्या वाटेत दमलेली माणसं’ असं लिहिलंयस. मी किमान सरकारवाला म्हणजे सरकार हवं, पण रखवालदाराएवढंच, असं म्हणणारा. पंचविशीत मीही हेच एका प्राध्यापकांना ऐकवलं होतं, फर्ग्युसन रस्त्यावर, त्यांच्याच पैशाने इडली खात. तेव्हा तुला गप्प करायचा मला अधिकार नाही.

तुझी बाजू कच्चीही नाही. बेल्जियमच्या मोलिनारीने १८४९ सालीच विचारलं होतं, की इतर सगळ्या मालात मक्तेदारी वाईट, तर संरक्षणात ती चांगली कशी? सरकारच नको म्हणणाऱ्या अमेरिकन अर्थतज्ज्ञ रॉथबार्डने तो धागा टोकापर्यंत नेला. १९७४ मध्ये किमान सरकारच्या बाजूच्या नोझिक या तत्त्वज्ञाने उत्तर दिलं: संरक्षण विकणाऱ्या कंपन्या खुशाल असू देत. त्यांतली एक आपल्या भागात वरचढ ठरेल, बाकीच्यांना मनमानी न्याय करू देणार नाही आणि त्या बदल्यात त्यांनाही संरक्षण देईल. झालं सरकार, कुणी स्थापन न करता! युक्तिवाद देखणा आहे, पण असं जन्मलेलं एकही सरकार दाखवता येत नाही हा रॉथबार्डचा टोमणा मला आजही परतवता येत नाही.

तू आइसलँडचा दाखला दिलास. ९३० ते १२६२, राजा नाही, फौजदार नाही, निवाड्याची अंमलबजावणी ज्याची त्याने करायची. मान्य. पण इतक्या लांब कशाला जातोस? आपल्या पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तिथले मोडीतले महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, बघ. पाटीलकीचा नाहीतर वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे जाणते यायचे, साक्षी व्हायच्या, आणि खाली सहीऐवजी निशाणी, पाटलाची नांगर. दिवाणाची, म्हणजे सरकारची, माणसंही बसत, त्यामुळे हे अगदी सरकाराविना चालायचं असं नाही. पण निवाड्याचा भार गोताच्या खांद्यावर असे.

आणि कुणी निवाडा मानलाच नाही तर? वाळीत टाका. रोटीबेटी बंद, न्हावी येणार नाही, घरात मयत झाली तर खांदा द्यायला माणूस नाही. तुझे लेखक याला शांततामय बहिष्कार म्हणतील, आणि तत्त्व म्हणून तो बिनतोड आहे. कुणाच्या अंगाला हात लावला नाही, कुणाची काडी उचलली नाही, फक्त बोलणं टाकलं. हेच हत्यार जातपंचायतींनी जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरींवर चालवलं. शेवटी २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मी त्या कायद्याच्या बाजूचा आहे. खरं तर तो माझ्याही चौकटीत बसत नाही. रखवालदाराने चोर पकडावा, करार मोडणाऱ्याला जाब विचारावा, एवढंच मी त्याला सांगितलेलं. जिच्याशी कुणी बोलत नाही तिच्यासाठी त्याने धावावं असं म्हणताना माझं किमान सरकार किमान राहत नाही. ती शिवण उसवलेली आहे, मला दिसते.

हा रखवालदार फुगला की काय करतो तेही पाहिलंय. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, आणि स्वतःचा कापूस राज्याबाहेर नेणारा शेतकरी गुन्हेगार ठरला. शरद जोशींची ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही हाळी मी चाकणच्या कांदा आंदोलनाच्या दिवसांत ऐकली. सभेत शेजारी बसलेल्यांना सरकार बाजारातून हटायला हवं होतं. पण बांध कोरला गेला तर मोजणीला कोण येणार, हा प्रश्न त्यांना कधी हसण्यावारी नेता आला नाही. तीन कंपन्यांचे तीन सातबारे निघाले तर जमीन कुणाची? कंपन्या आधीच आपसांत करार करतील, लढाई महाग पडते, असं तुझ्या बाजूचा अर्थतज्ज्ञ डेव्हिड फ्रीडमन म्हणतो. करतीलही. फक्त त्या करारात बांधावरच्या अल्पभूधारकाला कोण विचारणार, तेवढं कळव.

(आमच्याच उताऱ्यावर एका कार्यालयाने परकं नाव चढवलं होतं. ते काढायला सहा वर्षं गेली. दुसरं दुकान असतं तर मी पहिल्याच महिन्यात तिकडे गेलो असतो. हा मुद्दा तुझ्या बाजूने, घे.)

आता पुस्तकं थोडी बाजूला ठेव आणि मला दोन पानं लिहून पाठव. तुझ्या राज्यहीन गावात वाळीत टाकलेली पोर वडिलांच्या जमिनीतला तिचा हिस्सा कसा मिळवते, पायरी-पायरीने. ‘बाजार ते सोडवील’ असं वाक्य आलं तर पान परत पाठवीन. माझा रखवालदार कापसाच्या गोदामापाशी कसा थांबवायचा, ते मी लिहितो.

रविवारी ये. मोडी वाचणाऱ्या तुझ्या त्या मित्रालाही आण. एका महजराची नक्कल आहे माझ्याकडे, त्यातली शेवटून तिसरी ओळ काही केल्या लागत नाही.