६० आणि १०० वॅटचे बल्ब एकसर, म्हणजे एकामागोमाग एक, जोडले तर जास्त उजेड कोणाचा?

६० वॅटच्या बल्बचा. १०० म्हणणारे बहुतेक जण बल्बवरचा आकडा जसाच्या तसा धरतात आणि तिथेच फसतात. तो आकडा फक्त २३० व्होल्ट पूर्ण मिळाले तरच खरा. एकसर जोडणीत ते दोघांत वाटले जातात, दोन्हींतून सारखी राहते ती विद्युतधारा.

म्हणून आधी रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, काढायचा: R = V²/P (R रोध, V व्होल्ट, P वॅट). ६० वॅटच्या बल्बचा येतो सुमारे ८८२ ओहम, १०० वॅटच्याचा ५२९. बेरीज १४११, म्हणजे धारा २३०/१४११ = ०.१६३ अँपिअर. आता P = I²R वापरा (I म्हणजे धारा). पहिल्याला साधारण २३.४ वॅट, दुसऱ्याला १४.१. धारा सारखी, मग ज्याचा रोध जास्त तो जास्त तापणार.

हे सगळं जुन्या पिवळ्या, तारेच्या बल्बसाठी. एलईडी घेऊन करून बघू नका, हिशोब जुळणार नाही. तसा तारेचाही तंतोतंत जुळत नाही, कारण तार कमी तापली की तिचा रोधही कमी होतो. पण परीक्षेत रोध स्थिर धरतात.

समांतर जोडणी, म्हणजे दोघांना पूर्ण २३० व्होल्ट, विचारली असेल तर मात्र १०० वॅटचाच.