दुसऱ्या ग्लासाची सिगारेट

प्रिय मित्रा,

‘हलक्या सिगारेटवर आलो तर तिची कसर दारूत भरून काढीन का?’ ही तुझी शंका रास्त आहे. याच भीतीच्या नावाखाली मी दोन वर्षं काहीच केलं नव्हतं. सबब म्हणून ती फार सोयीची पडते.

आधी ती ‘हलकी’ नीट बघ. एक सिगारेट उजेडात धर. फिल्टरभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांची ओळ दिसेल. झुरक्याबरोबर तिथून हवा आत येते, धूर पातळ होतो आणि मोजणाऱ्या यंत्राला निकोटीन कमी दिसतं. यंत्राला बोटं नसतात. तुझी बोटं आणि ओठ ती भोकं नकळत झाकतात, झुरकाही लांबतो, आणि शरीर आपला रतीब वसूल करतं. म्हणजे तू जे घेतलंयस, त्याच्यात पाकिटाचा रंग सोडला तर फारसं काही बदललेलं नाही.

खरोखर कमी निकोटीनच्या सिगारेटचं तसं नसतं. तिच्या तंबाखूतच निकोटीन जेमतेम असतं. कितीही ओढ, मिळणार कुठून? अमेरिकेत ८४० जणांवर सहा आठवडे असा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. नेहमीच्या सिगारेटमध्ये ग्रॅमभर तंबाखूत १५.८ मिलिग्रॅम निकोटीन होतं. ज्यांना २.४ किंवा त्याहून कमीवाली मिळाली, त्यांच्या रोजच्या सिगारेटी इतरांपेक्षा कमी भरल्या. याच लोकांतल्या पिणाऱ्यांची माहिती पुढे तपासली, तेव्हा पिणं वाढल्याचं काही दिसलं नाही. उलट निकोटीन आणि सिगारेटी घटल्या, त्याबरोबर पिणंही थोडं उतरलं. मला याचं नवल वाटलं नाही. दोन्ही सवयी मेंदूत एकाच सुखाच्या वाटेवर बसलेल्या असतात, एक दुसरीला हाक मारते.

पण हुरळून जाऊ नकोस. निकोटीन लत लावतं. कॅन्सर करतात ती धुरातली इतर द्रव्यं, आणि ती कमी निकोटीनच्या धुरातही असतात. वर दारू असली की तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

मी सिगारेट सोडून चाळीस दिवस झाले होते. मित्रांची बैठक, पहिला ग्लास निभावला. दुसरा अर्धा झाला आणि कुणीतरी लायटर पेटवला. पेटवलेली सिगारेट माझ्या बोटांत कधी आली, मला आठवत नाही. चव मात्र आठवते, घाणेरडी होती, तरी संपवली. तेव्हापासून मी सोडणाऱ्याला पहिलं हेच सांगतो की निदान सुरुवातीचे काही आठवडे बाटलीपासून लांब राहा. (रोज पीत असशील तर मात्र दारू एकदम तोडू नकोस, आधी डॉक्टरांना विचार. अंगाला थरकाप सुटतो, कधी झटकेही येतात.) निकोटीनचे पॅच किंवा च्युइंगगम घ्यायला लाजू नकोस, त्यांत धूर नसतो.

शनिवारी बसणारच असशील तर पाकीट घरी ठेवून जा, आणि कितव्या घोटाला हात खिशाकडे गेला ते मला लिही.