रेझिनच्या रणगाड्यावरचा रंग बोट लागताच सुटतोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की टेबलावरच्या युद्धखेळासाठी शर्मन रणगाड्याचं १:५६ मापाचं रेझिनचं (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकचं) मॉडेल जोडलं, दोन थर प्रायमर (रंगाखालचं अस्तर) मारला, तरी पहिल्याच खेळात रंगाचे पापुद्रे निघाले. शिवाय तोफेची नळी खाली झुकलीय. प्रायमर बदलू नका, दोष त्याच्या खाली आहे.

ओतलेला भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून साच्याला आतून सिलिकॉनचं तेलकट द्रव्य मारतात. ते भागावर राहतं, दिसत नाही, आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून डबा उघडला की आधी धुणं. कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घ्या. चाकांमधल्या खाचा नीट घासा, खळबळून रात्रभर वाळू द्या. माझा पहिला रणगाडा मी नुसता नळाखाली धरला होता. हाताळून हाताळून बुरुजाच्या कडा महिन्याभरात उघड्या पडल्या.

तुमचा आता रंगवून झालाय. रंग ॲक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशने लावून काढा. आधी पोटाखालच्या कोपऱ्यात करून बघा, आणि भाग त्यात बुडवून ठेवू नका.

नळी रेझिनची असेल तर चांगल्या गरम पाण्यात थोडा वेळ धरा, मऊ पडली की सरळ करा आणि तशीच धरून लगेच गार पाण्यात घाला. ती तुटलीच तर नुसत्या डिंकावर भरवसा नको. प्लास्टिकच्या मॉडेलचा सिमेंट इथे चालतच नाही, कारण तो पॉलिस्टायरिन विरघळवून जोडतो. फेविक्विक चालतं, पण धक्क्याला कच्चं. दोन्ही तुकड्यांत १ मिलीमीटरचं भोक पाडून स्टेपलरच्या पिनेची तार घाला, मग चिकटवा. बुरुज मात्र चिकटवू नका, खेळात तो फिरायला हवा. छोटं चुंबक बसवलं की उचलतानाही पडत नाही.

रेझिन ओतताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या भोकांत फेविक्विक आणि वर चिमूटभर खायचा सोडा टाका. क्षणात दगड होतो, म्हणून लगेच घासा. आणि घासाल ते पॉलिश पेपर ओला करूनच, तोंडाला मास्क लावून. ही धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, यात मी अजिबात सवलत देत नाही.

रंगाचं तुमच्या आवडीवर. मी माझा शर्मन डेक्कन हॉर्स या भारतीय रणगाडा रेजिमेंटचा केला, सप्टेंबर १९६५, पंजाबातली असल उत्तरची लढाई. तिथली शेतं आपल्या लोकांनी पाणी सोडून भिजवली होती आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले होते. त्यामुळे माझ्या रणगाड्याच्या चाकांवरच्या साखळी-पट्ट्यांना कोरडी धूळ शोभली नसती. चाळलेली माती, फेविकॉल आणि तपकिरी रंग कालवून पट्ट्यांवर आणि चाकांच्या खालच्या भागावर थोपली, वाळल्यावर काही जागी चकचकीत वार्निश दिलं. ओला चिखल अगदी हुबेहूब उठतो.

शेवटचं मॅट वार्निश स्प्रेचं असेल तर पावसाळ्यात थांबा. पुण्यात जुलैमध्ये मारलं तेव्हा सगळ्या रणगाड्यावर पांढुरकी झाक आली. हवा दमट असेल तर ब्रशने लावायचं वार्निश घ्या, पातळ दोन थर.