लेकाचा सोरायसिस: नव्याने सामोऱ्या जाणाऱ्या आईला
ताई, २६ वर्षांच्या मुलाला ‘मलम लावलंस का?’ असं रोज विचारू नका. मी विचारायचे, तर माझा लेक भरल्या ताटावरून उठून जायचा. आता अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावता यावं म्हणून व्हॅसलिनची डबी बाथरूमबाहेरच्या फळीवर ठेवते. चादरीवरचे पापुद्रे काही न बोलता झटकते.

हा त्वचेचा आजार शिवल्याने पसरत नाही, हे नातेवाइकांना तुम्हीच ठणकावून सांगा. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम थांबवू नका, आजार भयंकर उसळू शकतो. मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसवरची गोळी दिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही! वार कॅलेंडरवर लिहा. रक्ततपासणी चुकवू नका. आणि सकाळी बोटं आखडायला लागली तर डॉक्टरांना लगेच सांगा, सोरायसिस सांध्यांतही उतरतो.