घोंगडी पहिल्याच पावसात विरली? आधी आडवा धागा तपासा

गुहागरच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही. वडिलांसाठी ऑनलाइन 3,800 रुपयांची ‘शुद्ध लोकरीची’ घोंगडी मागवलीत, लावणीला खोळ करून वापरली. आठ दिवसांत ती भिजून जड झाली, खांद्याच्या घडीवर विरली, अंगभर काळा भुसा आणि वर आंबूस वास. विक्रेता म्हणतो, “हातमागाचा माल आहे, असं होतंच, फोन करतो.” घरातली आजोबांच्या वेळची घोंगडी मात्र अजून धड आहे. आता लोकरच वाईट येते का आणि पैसे परत मिळतील का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

हाताने कातलेल्या, हातमागावर विणलेल्या दख्खनी लोकरीचं पहिल्या पावसात असं होत नाही. थोडी जावळ (कोकराची पहिली मऊ लोकर) झडते, नवी असताना टोचते, खळीमुळे (धाग्याला लावलेल्या कांजीमुळे) पत्र्यासारखी ताठ असते, हे सगळं मान्य. विरणं आणि भुसा पडणं यात बसत नाही.

भुशावरून आणि विरण्यावरून माझा अंदाज असा आहे (न बघता सांगतोय, तेव्हा अंदाजच समजा) की तुमच्या घोंगडीचा उभा धागा बरा आहे आणि आडव्यात शॉडी भरली आहे. शॉडी म्हणजे जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून पुन्हा कातलेला धागा. पानिपतला हा मोठा उद्योग आहे. स्वस्त ब्लँकेटसाठी तो वाईट नाही, पण घोंगडी म्हणून विकला तर फसवणूक.

गोम इथेच आहे. दुकानदार लायटर काढून एक दशी जाळून दाखवतो, केस जळल्याचा वास येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण दशा म्हणजे ताणा, उभा धागा. ऊब, जाडी आणि पाणी अडवणं यांतला मोठा वाटा आडव्या धाग्याचा, बाण्याचा असतो, आणि बाणा दशांत दिसतच नाही. तो आतून काढावा लागतो. दशांच्या बाजूचे शेवटचे दोन-तीन आडवे धागे जाड सुईने सैल करून वीतभर ओढून घ्या. घोंगडीला काही होत नाही, कड नंतर टीप मारून बंद करता येते.

त्या धाग्यावर तीन चाचण्या करा.

पहिली, पीळ उलगडून. धाग्याचा पीळ सोडवा आणि तंतू पांढऱ्या कागदावर उन्हात पसरा. दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात, त्यामुळे तंतू फार लांब नसतो, तरी साधारण 4 ते 8 सेंमी भरतो. शॉडीचे तंतू 1-2 सेंमीचे तुकडे असतात आणि भिंगातून पाहिलं तर काळ्यात लाल, निळे, पोपटी तुकडे सापडतात. मेंढीच्या अंगावर पोपटी लोकर येत नाही. तुमच्या बाबतीत ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, कारण पुढच्या दोन्ही चाचण्यांत शॉडीसुद्धा लोकर म्हणूनच उत्तीर्ण होते.

दुसरी, जाळून. लोकर ज्योतीबाहेर काढली की आपोआप विझते, राख काळी आणि बोटांत चुरडणारी. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर सोडतं, टोकाला टणक मणी राहतो. सूत कागदासारखं जळत जातं. मिश्र धाग्यात केसाचा वासही येतो आणि मणीही राहतो, म्हणून नुसत्या वासावर जाऊ नका.

तिसरी, ब्लीचमध्ये. घरगुती द्रव ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, 4-5 टक्के) काचेच्या वाटीत 30 मिली घ्या आणि धागा बुडवा. लोकर बुडबुडे सोडत साधारण तासाभरात विरघळून जाते. सूत, अ‍ॅक्रिलिक, पॉलिएस्टर उरतं. टक्केवारी हवी असेल तर सोनाराच्या काट्यावर एक ग्रॅम धागा तोलून 100 मिली ब्लीचमध्ये टाका, उरलेलं धुऊन वाळवून परत तोला. दोन्ही वेळा वाळवणं सारखंच हवं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि त्या वाटीत व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही पडू देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

वजनावरून घोंगडी घेणाऱ्यांसाठी इथेच सांगतो. लोकर हवेतलं पाणी पिते. 65 टक्के आर्द्रतेला तिच्या कोरड्या वजनाच्या 16 टक्क्यांच्या आसपास पाणी तिच्यात असतं, आणि आपल्याकडच्या आषाढातल्या हवेत ते 20 टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे अडीच किलोची घोंगडी नुसती पडवीत टांगूनही शंभर-दीडशे ग्रॅम जड भरते. भर पावसाळ्यात वजनावर सौदा करू नका.

आता किंमत. मेंढपाळाकडे लोकरीला जवळपास भाव नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून लोकर टाकून दिली जाते. मग घोंगडी महाग कशी? तर पैसा लोकरीत नाही, हातांत आहे. रंगाप्रमाणे निवडणं, जावळ वेगळी काढणं, पिंजणं, चरख्यावर कातणं, ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने लावणं आणि मग माग. यात विणण्यापेक्षा कातायला कितीतरी पट वेळ जातो आणि कातणाऱ्या बहुतेक वयस्क बाया आहेत. त्यांच्यामागे शिकणारं कोणी नाही. जो धागा हाताने मिळत नाही तो गिरणीतून येतो, आणि घोंगडीचा दर्जा घसरायला सुरुवात तिथून होते. दुसरीकडे मेंढीच बदलली. मटणाला भाव आहे म्हणून माणदेश, जत, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात मडग्याळ जातीकडे ओढा वाढला. ती अंगाने भरते, पण तिची लोकर विरळ. मेंढपाळाला दोष द्यायचं काही कारण नाही, त्याला घर चालवायचं आहे. पण दाट, काळी, जाड लोकर कमी झाली ती यामुळे.

दख्खनी लोकर मेरिनोच्या (तलम लोकरीच्या परदेशी मेंढीच्या) लोकरीपेक्षा जवळपास दुप्पट जाड, म्हणून टोचते. पावसात टिकते तीही याच जाडपणामुळे. थेंब वरच्या केसांवरून ओघळतो, आतली हवा दबत नाही, अंगाशी ऊब राहते. मात्र घोंगडी वॉटरप्रूफ नाही. दिवसभराच्या झडीत ती पाणी पिणारच आणि जड होणारच. वडिलांना दिवसभर खाचरात उभं राहायचं असेल तर वरून इरलं किंवा साधा प्लास्टिकचा कागद हवा. जुने लोकही भर पावसात नुसत्या घोंगडीवर अवलंबून नव्हते.

इथे एक राग व्यक्त करतो. संधिवात बरा होतो, पाठदुखी जाते, रक्तदाब उतरतो असं लिहून घोंगड्या विकतात आणि त्या वाक्यांचे पैसे लावतात. ऊब मिळाल्याने दुखऱ्या सांध्याला बरं वाटतं, तेवढंच खरं. जिथे रोगांची यादी मोठी आणि धाग्याबद्दल एक ओळ नाही, तिथे घेऊ नका. ताणा कशाचा, बाणा कशाचा, हाताने कातलेला की गिरणीचा, वजन किती, लांबी-रुंदी किती, हे पाच प्रश्न विचारा. उत्तर लेखी मिळत नसेल तर पुढे जा.

पैसे परत मिळण्याबद्दल. मी वकील नाही, तेव्हा शेवटचा शब्द माहितगाराकडून घ्या. पण या बाबतीत आमचं सगळ्यात जास्त नुकसान एका विक्रेत्याच्या तक्रार विभागाने केलं, म्हणून सविस्तर लिहितो. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी फोटो पाठवा. मग फोटो स्पष्ट नाहीत, व्हिडिओ पाठवा. मग आमचे तज्ज्ञ फोन करतील. फोनवर गोड बोलणं, “बदलून देऊ” असं आश्वासन, लेखी एक अक्षर नाही. मग प्रयोगशाळेचा अहवाल आणा. आणि शेवटी “परतीची मुदत संपली, शिवाय माल वापरलेला आहे.” प्रत्येक टप्प्यावर मुदतीतले चार-पाच दिवस जात होते, आणि माणूस दर वेळी नवा, त्यामुळे सगळं पहिल्यापासून सांगायचं. यात पैसे गेलेच, पण खरा घात फोनवरच्या आश्वासनांनी केला, कारण पुढे दाखवायला हातात काहीच उरलं नाही. तुमचा विक्रेताही “फोन करतो” म्हणतोय, म्हणून सांगतो: फोन घेऊच नका. घेतलात तर लगेच “आज आपण असं म्हणालात” असा ईमेल टाका.

2020 च्या ई-कॉमर्स नियमांत तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा. म्हणजे ‘सात दिवसांची मुदत’ ही मन बदललं म्हणून परत करण्यासाठी ठीक आहे. ‘शुद्ध लोकर’ लिहून शॉडी पाठवली तर त्या मुदतीमागे लपता येत नाही. जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, तारखेसकट. ही पानं गुपचूप बदलतात.

ईमेलला दाद नाही मिळाली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. त्याने हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता कुठलाही असो, तुम्हाला रत्नागिरीतच चालेल. 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. प्रयोगशाळेचा अहवाल लागलाच तर ठाण्याची वूल रिसर्च असोसिएशन आणि मुंबईची टेक्स्टाइल्स कमिटी तंतूंचं प्रमाण तपासतात. आधी फी विचारून घ्या, 3,800 च्या मालावर ते परवडतं का बघा. आणि निकाल लागेपर्यंत ती घोंगडी धुऊ नका. धुतली की “तुम्हीच बिघडवली” हे उत्तर तयार असतं. कोरडी करून, बाण्याचे चार धागे वेगळ्या पाकिटात तारीख घालून ठेवा.

आंबूस वासाचं कारण बहुधा खळ. चिंचोक्याची असो वा मैद्याची, पिठूळ खळ ओली राहिली की आंबते आणि बुरशीलाही खाऊ मिळतो. चांगल्या घोंगडीची खळ पावसाआधी, म्हणजे वैशाखातच उतरवायची. 100 ग्रॅम रिठे फोडून 2 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गाळा, 20-25 लिटर साध्या पाण्यात मिसळा. त्यात घोंगडी अर्धा तास बुडवून दाबत राहा. चोळायची नाही, धोपटायची नाही, पिळायची नाही. लोकरीच्या केसावर खवले असतात. गरम पाणी, सोडा आणि रगड या तिन्हींनी ते एकमेकांत अडकतात, घोंगडी आटते आणि मग कोणी उलगडू शकत नाही. कपड्यांची पावडर तर अजिबात नको. ती अल्कधर्मी असते, शिवाय तिच्यातली एन्झाइम प्रथिनं खातात आणि लोकर प्रथिनच आहे. वॉशिंग मशीनवर ‘वूल’ लिहिलंय म्हणून एवढी मोठी घोंगडी आत घालू नका. निथळायला खाटेवर आडवी पसरा. दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने लांब होते.

आजोबांची घोंगडी आता पाणी लवकर पीत असेल तर तिच्यातलं मेण धुऊन गेलं आहे. ते परत देता येतं. घोंगडीच्या वजनाच्या 2-3 टक्के शुद्ध लॅनोलिन, म्हणजे हेच लोकरीचं मेण (अडीच किलोला 60 ग्रॅमच्या आसपास) लोकरीच्या द्रव साबणाचे एक-दोन चमचे घालून कडकडीत पाण्यात घुसळा. दुधासारखं झालं पाहिजे, वर तवंग राहिला तर डाग पडतात. मग कोमट पाण्यात मिसळून घोंगडी रात्रभर त्यात ठेवा, न खळबळता निथळा. नव्या शॉडीवर हा खर्च करू नका.

कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, लवंग, दालचिनी घालतात. माझ्या मते त्यावर भिस्त ठेवू नये. अळीला घामट, मळकी लोकर आणि अंधार हवा असतो. म्हणून आश्विनातल्या कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, घड्या झटका, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवा आणि दर दोन महिन्यांनी घडी बदला. डांबर गोळ्या घातल्या तर ट्रंक बंदच हवी, आणि लहान मुलं झोपतात त्या खोलीत नको. माळ्यावर कौलांखाली ठेवणं सगळ्यात वाईट. तिथे पावसाळाभर दमट असतं आणि कोणी बघतही नाही.

नवी घ्यायची असेल तर घाई करू नका. भात कापून झाल्यावर देशावरचे मेंढपाळ खाचरांत मेंढ्या बसवायला उतरतात. त्यांना विचारून पाहा, कोण विणतं ते त्यांना ठाऊक असतं. किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जाऊन हातात धरून घ्या. उजेडाकडे धरून पाहा, धाग्यांमधून आरपार दिसत असेल तर ती पावसाची नाही, फक्त अंथरायची.

सध्या बाण्याचा धागा उलगडून पट्टीशेजारी ठेवलेला फोटो, घोंगडीचं वजन आणि लांबी-रुंदी इथे टाका. जाहिरातीतला ‘शुद्ध लोकर’ हा मजकूर जसाच्या तसा टाका, विक्रेत्याचं नाव झाका. तक्रारीचा मसुदा आपण इथेच करू.