पंखा साफ केला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तरी लॅपटॉप उजव्या मनगटाखाली तापतोच. काय असेल?

तुम्ही लिहिलंय की प्रोसेसर ५० अंशांच्या पुढे जात नाही, पंखा शांत आहे, तरी टचपॅडच्या उजवीकडे मनगट टेकवत नाही. म्हणजे प्रोसेसर यात नाही हे तुम्हीच दाखवून दिलंत. माझा पहिला संशय वायफाय कार्डावर, म्हणजे लॅपटॉपच्या आत वायफायचं काम करणाऱ्या छोट्या पट्टीवर. ती नेमकी त्या जागेखाली असू शकते.

एवढं ठामपणे सांगतोय कारण याच भानगडीत माझे दोन उन्हाळे गेले. नाशिकला रविवार कारंज्याजवळ एका जुन्या वाड्यात माझं डीटीपीचं काम चालतं. चैत्र-वैशाख म्हणजे लग्नपत्रिकांचा हंगाम, दिवसभर हात कीबोर्डवर. दुरुस्तीवाल्याने पंखा आणि पेस्ट दोन्हीचे पैसे घेतले आणि मनगट पहिल्यासारखंच चिकचिकत राहिलं. त्यालाही दोष देत नाही. लॅपटॉप तापतो म्हटलं की सगळ्यांची नजर आधी पंख्याकडेच जाते.

पैसे घालण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. चार्जर लावलेला असू द्या, वायफाय बंद करा आणि अर्धा तास नेहमीचंच टायपिंग करा. जागा निवली तर चोर सापडला. नाही निवली तर त्याच कोपऱ्यात हार्ड डिस्क किंवा एसएसडी आहे का ते बघा. एक मात्र सांभाळा: तिथला भाग फुगलेला वाटत असेल किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी दाखवून घ्या. फुगलेली बॅटरी हा वेगळा आणि गंभीर मामला आहे.

आता एवढंसं कार्ड इतकं तापतं कसं? जुनं मिनी पीसीआय एक्स्प्रेस कार्ड ३० बाय ५१ मिलिमीटर, हल्लीचं एम.२ कार्ड बहुधा २२ बाय ३०. जोरात काम करताना ते एक-दोन वॅट खातं. प्रोसेसर त्याच्या कितीतरी पट खातो, पण त्याच्या दिमतीला तांब्याची नळी आहे, पंखा आहे. कार्डाच्या नशिबी पत्र्याचं झाकण, त्यावर पातळ प्लास्टिक आणि त्यावर तुमचं मनगट. उष्णतेला दुसरी वाटच नाही.

त्यात आपला उन्हाळा. त्या जागेचं तापमान खोलीपेक्षा दहा अंशांनी जास्त राहतं असं धरू. डिसेंबरात खोली २० वर असली तर ती जागा ३० वर, म्हणजे हाताच्या कातडीपेक्षाही गार. मे महिन्यात तीच खोली ३६ वर गेली की ती जागा ४६! लॅपटॉप तोच, कार्ड तेच, काम तेच. तिकडे निफाडला द्राक्षबागांत थंडीसाठी शेकोट्या पेटतात तेव्हा हा लॅपटॉप मला खरं तर आवडायचा. म्हणून ‘हिवाळ्यात नीट होता, आता बिघडला’ असं म्हणायची घाई करू नका.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देतो. पॉवर सेव्हिंग चालू असेल तर कार्ड दोन हाकांच्या मध्ये डुलकी काढतं आणि आपल्यासाठी काही आलंय का तेवढं बघायला जागं होतं. पण विंडोजच्या नेहमीच्या बॅलन्स्ड प्लॅनमध्ये चार्जर लावला की ही डुलकी बंद होते. टेबलावर चार्जर लावून बसलं की जास्त तापतं ते त्यामुळेही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात वायरलेस अ‍ॅडॉप्टर सेटिंग्ज. ‘प्लग्ड इन’समोर मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग निवडा. काही नव्या लॅपटॉपवर ही ओळ दिसतच नाही. या बदलाने माझ्याकडे फरक पडला, पण अर्धाच.

उरलेला अर्धा वाड्याच्या भिंतींमुळे होता. राउटर घरमालक काकांच्या माडीवर, मी खाली, मध्ये हातभर जाडीची भिंत. सिग्नल क्षीण झाला की वेग उतरतो आणि तीच फाइल पाठवायला कार्डाला कितीतरी जास्त वेळ बोलत राहावं लागतं. बोलतानाच ते सर्वात जास्त वीज खातं. मी छापखान्याला मोठ्या फाइली पाठवायचो, शिवाय मागे क्लाउडवर फोटो चढत असायचे. तुमच्याकडेही असं काही गुपचूप चालू आहे का बघा.

मी केलेला एक शहाणपणा तुम्ही करू नका. खालचं झाकण उघडून कार्ड आणि वरचं प्लास्टिक यांच्यामध्ये थर्मल पॅड, म्हणजे उष्णता वाहून नेणारी मऊ चकती, बसवला. कार्ड गार झालं असेल, पण ती सगळी उष्णता थेट मनगटाखाली आली! पॅड लावायचाच तर खालच्या धातूच्या झाकणाच्या बाजूला लावा, आणि झाकण प्लास्टिकचं असेल तर नाद सोडा.

कार्ड बदलायचं मनात असेल तर आधी नीट चौकशी करा. काही लॅपटॉपचे बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) ठरावीक कार्डांशिवाय दुसरं घेतच नाहीत, मशीन सुरूच होत नाही. अँटेनाच्या त्या बारीक तारांची टोकंही नाजूक असतात, सरळ वर उचलूनच काढायची.

मी शेवटी काकांना विचारून माडीवरून खाली लॅन केबल सोडली आणि वायफाय बंद करून टाकलं. तुमचा राउटर जवळ असेल तर तेवढीही गरज पडणार नाही. ती अर्ध्या तासाची परीक्षा एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून करा, आणि दोन्ही वेळा काय झालं ते खाली लिहा.