मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची) साथ आली तर डॉक्टर नसलेले स्वयंसेवक नेमकं काय करू शकतात?

बरंच काही, कारण या आजारात तास मोजावे लागतात. सकाळी नुसता ताप असलेलं मूल रात्रीपर्यंत बेशुद्ध पडू शकतं. ते दारात ओळखणं हे स्वयंसेवकाचं पहिलं काम.

ताप, असह्य डोकेदुखी, हनुवटी छातीला टेकवता न येणं, उजेड सहन न होणं ही मोठ्यांची लक्षणं. तान्ह्या बाळाची टाळू फुगलेली दिसते, उचललं की ते जास्तच रडतं. अंगावर जांभळट ठिपके असतील तर काचेचा ग्लास त्यावर दाबून बघा. ठिपके फिके पडले नाहीत तर तडक दवाखाना. (सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात-तळपाय तपासा. आणि ठिपके नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका.)

दुसरं काम कंटाळवाणं, पण मोलाचं: रुग्णासोबत एका खोलीत कोण झोपलं, कोणाचा जवळचा संपर्क आला, याची यादी. प्रतिबंधक गोळी कोणाला द्यायची हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. स्वतः गोळ्या वाटत सुटू नका!

लसीकरणात तर माणसं लागतातच. सेनेगल ते इथिओपिया या आफ्रिकेच्या पट्ट्यात 'ए' प्रकाराच्या जंतूमुळे मोठमोठ्या साथी यायच्या. 2010 मध्ये बुर्किना फासोपासून 'मेनआफ्रिव्हॅक' लस द्यायला सुरुवात झाली. ही लस ४० अंशांपर्यंतच्या तापमानात चार दिवस टिकते, हे 2012 मध्ये मान्य झालं, आणि बर्फाचं ओझं न वाहता दूरच्या गावांपर्यंत पोचणं शक्य झालं.